कापसाखालचा चट्टा

पेशंटचं तोंड उघडं असतं आणि त्याला बोलता येत नाही, हे मला आमच्या कामात सगळ्यात सोयीचं वाटायचं. मी लहानपणापासून कमी बोलते. शाळेत मराठी बोललं की बाई वर्गाबाहेर उभं करायच्या, आणि सुट्टीत गावी इंग्रजी शब्द तोंडून गेला की भावंडं हसायची. मधल्या मध्ये गप्प राहायची सवय लागली. बीडीएस झाल्यावर नाशिकमध्येच दातांच्या एका मोठ्या डॉक्टरांच्या दवाखान्यात नोकरी मिळाली. तोंडावर मास्क, डोळ्यांवर गॉगल, समोर दिवा. मला तिथे बरं वाटायचं.

विचारायचे प्रश्न केसपेपरवर छापलेले असायचे. डायबेटिस, बीपी, कुठल्या औषधाची ॲलर्जी. शेवटचा प्रश्न सवयींचा: तंबाखू, गुटखा, मिश्री, दारू. पुरुषांना मी तो खाली बघून विचारायचे आणि तेही खाली बघून उत्तर द्यायचे. वयस्कर बायकांना विचारताना मात्र माझा आवाज इतका बारीक व्हायचा की आमच्या सिस्टर पुढे होऊन पुन्हा विचारायच्या, "मावशी, मिश्री लावता का, मिश्री?" बाहेर बाकावर बसलेल्या सगळ्यांना ऐकू जायचं.

आत्या आली त्या दिवशी सिस्टर रजेवर होत्या.

आत्या म्हणजे पप्पांची मोठी बहीण. पिंपळगाव बसवंतला मुलगा-सुनेकडे राहते आणि द्राक्षांच्या हंगामात पॅकहाउसमध्ये कामाला जाते. डोक्याला टोपी, तोंडाला मास्क लावून टेबलापाशी उभं राहायचं आणि घडातले खराब मणी छोट्या कात्रीने काढत जायचे. पप्पांना तिचं या वयात उभ्याने काम करणं आवडत नाही. ती म्हणते, "दिवसभर सुनंच्या तोंडाकडं बघण्यापरीस मण्याकडं बघितलेलं बरं." हंगाम संपेपर्यंत ती कुठलंच दुखणं बाहेर काढत नाही. त्या वर्षी मे महिन्यात तिने दातांचं काढलं.

"गार पाणी पिलं का सणक पार डोक्यात जाती," ती पप्पांना म्हणाली. "वैद्यबुवाचं तेल धरते रोज तोंडात. तेवढ्यापुरतं बरं वाटतं."

"घरात डॉक्टर असताना वैद्य कशाला लागतो तुला, आक्का?" पप्पा म्हणाले, आणि तिला घेऊन थेट दवाखान्यात आले.

पप्पांनी मला काम करताना कधी पाहिलं नव्हतं. ते दाराजवळच्या स्टुलावर बसले, हात मांडीवर, शाळेत पालकसभेला बसायचे तसे. आत्या खुर्चीत आडवी झाली, पदर नीट केला आणि दिव्याकडे बघून म्हणाली, "डॉक्टरीणबाई, हळू हां. तुझ्या बापाला रडायची सवय हाय, मला नाय."

तिने तोंड उघडलं आणि मला वास आला. जळक्या तंबाखूचा, किंचित गोडसर, करपलेला वास. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, तिची पूड करायची आणि सकाळी ती बोटाने दातांवर घासत बसायची. घासून झाल्यावरही थोडी खालच्या ओठात तशीच राहू द्यायची. पेशंट बायकांमुळे हा वास माझ्या ओळखीचा झाला होता. आत्याच्या उजव्या तर्जनीच्या नखाची कड काळी होती. खालच्या दातांच्या मानेशी, जिथे दात हिरडीला टेकतो तिथे, कानशीने घासल्यासारख्या खाचा पडल्या होत्या. गार पाणी त्या खाचांतून आत लागत होतं.

मी केसपेपर हातात घेतला. डायबेटिस नाही. बीपीची गोळी चालू. सवयी. मी तिच्याकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं, मग स्टुलावर बसलेल्या पप्पांकडे, मग पुन्हा दिव्याकडे. मी काही विचारलं नाही. सवयींपुढे 'नाही' लिहिलं.

हे का लिहिलं ते सांगायला हवं. आत्याचे मिस्टर घशाच्या कॅन्सरने गेले. तंबाखू खायचे. त्यांच्या दहाव्याला आम्ही सगळे गोदावरीवर गेलो होतो. मी तेव्हा सहावीत असेन. विधी आटोपल्यावर पप्पांनी सगळ्यांसमोर आत्याचा हात धरून आपल्या गळ्यावर ठेवला आणि म्हणाले, "माझ्या गळ्याची शपथ घे आक्का. आजपासून मिश्री बंद." आत्याने शपथ घेतली. कमरेची पत्र्याची डबी काढून पाण्यात टाकली. पप्पा रडले. त्यानंतर आमच्या घरात मिश्रीचा विषय कधी निघाला नाही. भावाच्या गळ्याची शपथ मोडली तर ते भावावर येतं, असं आमच्याकडे सगळेच मानतात. मोठ्याने कोणी म्हणत नाही, पण मानतात. मी इंग्रजी शाळेत शिकले तरी मलाही त्या क्षणी तेच आठवलं. पप्पा चार फुटांवर बसले होते. केसपेपरवर खरं लिहिलं असतं तर पप्पांनी लगेच वाचलं असतंच असं नाही. पण विचारावं लागलं असतं, आणि ते त्यांनी ऐकलं असतं.

मी सहा दात भरले. तीन डावीकडचे, तीन उजवीकडचे. दाताच्या रंगाचं सिमेंट असतं. ते आत्याच्या पिवळसर दातांशी जुळवायला मला बराच वेळ लागला. या सिमेंटला ओल लागली तर ते धरत नाही, म्हणून खालचा ओठ आणि हिरडी यांच्या मधल्या खोबणीत कापसाची गुंडाळी ठेवतात. ती लाळ शोषून घेते. मी दोन्ही बाजूंना गुंडाळ्या ठेवल्या आणि काम करत राहिले. आत्या डोळे मिटून पडली होती. पप्पा मधूनच मान उंचावून बघायचे.

उजवीकडची गुंडाळी सहज निघाली. डावीकडची पार कोरडी होऊन चिकटली होती. ती ओढल्यावर खाली एक पांढरा चट्टा दिसला. बोटाच्या नखाएवढा, जरा सुरकुतलेला.

कोरडा कापूस ओढून काढला तर तोंडाच्या आतल्या नाजूक कातडीची साल निघते आणि जागा पांढरी पडते. म्हणून काढण्याआधी कापूस पाण्याने भिजवायचा, हे आम्हाला तिसऱ्या वर्षातच शिकवतात. मी भिजवला नव्हता. चट्टा दिसल्यावर मला एवढंच वाटलं, की अरे, माझ्या घाईने आत्याची साल काढली. मला थोडी लाज वाटली. आठवड्यात भरून येतं. ती माझी छोटीशी चूक होती आणि ती मान्य करायला मला काहीच जड गेलं नाही. कापूस ठेवायच्या आधी मी ती खोबणी पाहिली होती का? दातांच्या खाचा पाहिल्या होत्या. ओठ मी बाजूला ओढला होता तो दात दिसावेत म्हणून. गॉझच्या पट्टीने तो चट्टा एकदा पुसून बघितला असता तर कळलं असतं. सालीचा पांढरेपणा थोडा तरी निघतो. मिश्रीचा पांढरा चट्टा पुसला जात नाही.

"आठवड्याने दाखवून जा," मी म्हणाले.

पप्पांनी आत्याच्या हातात आरसा दिला. तिने दात बघितले. "कुठं भरलंय तेच कळंना," ती म्हणाली.

"हात चांगला आहे पोरीचा," पप्पा म्हणाले. जिना उतरताना ते हे पुन्हा म्हणाले, मला वरपर्यंत ऐकू आलं.

आत्या आठवड्याने आली नाही. मी फोन केला नाही.

भाऊबीजेला ती आमच्याकडे आली. दरवर्षी येते. पप्पांना ओवाळलं, मग ताटं झाली. मला लोकांशी बोलण्यापेक्षा लोकांकडे बघत बसायची सवय आहे, त्यामुळे मी बघत होते. तिने चिवड्याला हात लावला नाही. करंजी दुधात बुडवून, मऊ करून, उजव्या बाजूने खाल्ली. भाजीतला तिखट रस्सा बाजूला ठेवला. स्वयंपाकघरात आम्ही दोघीच होतो तेव्हा मी विचारलं, "तोंडात काही होतंय का?"

"तोंड आलंय जरा. उष्णता. पॅकहाउस सुरू झालं का चहा लय होईल आता, अजून वाढंल." ती हसली. तिने तोंड फार उघडलं नाही.

मी माझ्या खोलीतून जेलची ट्यूब आणून दिली. दिवसातून तीनदा लावायची. लावली की जागा थोडा वेळ बधिर होते.

"बरी हायेस तू," आत्या म्हणाली. "वैद्यबुवा आता तोंड बघितल्याशिवाय तेल द्यायचं नाय म्हणतो. मी दुकानातनं आणते मग. तू बरी, न बघता देती."

मी पण हसले. डोक्यावर ट्यूबलाइट होती. "आ कर" एवढं म्हणायचं होतं. बाहेरच्या खोलीत पप्पा आणि आत्याचा मुलगा जोरजोरात कांद्याच्या भावाबद्दल बोलत होते.

जानेवारीत पॅकहाउस सुरू झालं. दहाबारा दिवसांत तिथल्या सुपरवायझर बाईंनी आत्याला टेबलावरून बाजूला घेतलं. तिच्या पांढऱ्या मास्कला आतून रक्ताचा डाग पडून तो बाहेर दिसू लागला होता. मालाजवळ रक्त चालत नाही. त्यांनी तिला घरी पाठवलं आणि तिच्या मुलाला फोन केला. मुलाने पप्पांना केला. पप्पा तिला घेऊन माझ्याकडे आले.

या वेळी मी पप्पांना बाहेर बसायला सांगितलं.

डाव्या बाजूला, ओठ आणि हिरडीच्या मधे, जिथे कापूस होता तिथेच जखम होती. कडा उचललेल्या. मी हातमोजा घालून बोट फिरवलं. कड कडक लागली, पेरूच्या बीसारखी. शेजारचा दात हलत होता. त्याच्या मानेवरचं माझं सिमेंट जसंच्या तसं होतं, कडेला फटसुद्धा नाही. जबड्याखाली एक गाठ हाताला लागली. मी दिवा बंद केला.

"काय गं?" आत्या म्हणाली.

"तुकडा काढून तपासायला लागेल."

"त्यांचं जे होतं, तेच ना?"

त्यांचं म्हणजे तिच्या मिस्टरांचं. मी म्हणाले, रिपोर्ट आल्याशिवाय सांगता येत नाही. तिने मान हलवली. पेशंट मान हलवतात तसं नाही. लहान मुलाने थाप मारली की मोठी माणसं हलवतात, तसं.

रिपोर्ट आठवड्याने आला. कॅन्सरच्या हॉस्पिटलमध्ये मी बरोबर गेले. तिथले तरुण डॉक्टर फॉर्म भरत होते. आत्या खुर्चीवर, तिच्यामागे पप्पा, बाजूला मी.

"आजी, तंबाखू? मिश्री?"

"नाय," आत्या म्हणाली.

"कधीच नाही?"

"पूर्वी. आता लय वर्षं झाली सोडून."

डॉक्टरांनी लिहायला पेन टेकवलं. मी म्हणाले, "मिश्री लावतात. रोज. चाळीस वर्षं तरी झाली असतील. अजून चालू आहे." माझा आवाज मला हवा होता त्यापेक्षा मोठा निघाला. डॉक्टरांनी तसं लिहून घेतलं आणि पुढचा प्रश्न विचारला. त्यांच्यासाठी ती एक ओळ होती.

बाहेर व्हरांड्यात आल्यावर पप्पा मला म्हणाले, "तुला कधीपासून माहीत होतं?"

"मेपासून."

"दात भरले तेव्हा?"

"हो."

ते कॅन्टीनकडे गेले. येताना दोन चहा आणले, एक आत्याला दिला आणि एक स्वतः प्यायले. मी खिडकीजवळ उभी राहिले.

चहाचा कागदी कप दोन्ही हातांत धरून आत्या म्हणाली, "भाऊ, एक इचारू? तुझं ते ईसीजी का काय काढलं होतं दिवाळीत, ते बरोबर आलं होतं ना?"

"आलं होतं. त्याचं काय आता?"

"काय नाय. मला लय दिवस भ्या वाटत होतं. शपथ मी मोडली, आन् भोगायचं तुला आलं तर. बरं झालं. माझं माझ्यावर आलं."

पप्पा तिच्यावर ओरडले. भर हॉस्पिटलात, लोकांसमोर. वेडी आहेस का, अडाणी आहेस का, असं बरंच काही. नर्सने येऊन गप्प राहायला सांगितलं. ते बाकावर बसले आणि आत्या त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

ऑपरेशनची तारीख तीन आठवड्यांनी मिळाली. तुकडा काढल्यापासून तिची जखम जास्त आग करत होती आणि तिला वैद्यांचंच तेल हवं होतं, दुकानातलं नाही. मी एका रविवारी एसटीने पिंपळगावला गेले.

खरं सांगायचं तर मी भांडायच्या तयारीने गेले होते. बसमध्ये वाक्यंही जुळवली होती. महिनोन् महिने तुम्ही तिला तेल धरायला सांगत राहिलात, वगैरे. वैद्यांचा दवाखाना मार्केटच्या रस्त्यावर, एका गाळ्यात. बाहेर कांद्याचे टेम्पो लागलेले. ते साठीचे असतील. एका म्हाताऱ्याला त्यांनी दारात उन्हाकडे तोंड करून उभं केलं होतं आणि चमच्याच्या दांड्याने त्याचा गाल बाजूला करून आतून बघत होते. बराच वेळ बघत होते. ते झाल्यावर मी कोण ते सांगितलं.

"बसा डॉक्टर," ते म्हणाले. "रिपोर्ट कळला मला. तुमच्या आतेभावाने सांगितला."

मी जुळवलेलं पहिलं वाक्य बोलले. त्यांनी ते पूर्ण ऐकून घेतलं. मग कपाटातून पेशंटची वही काढली, पानं उलटली आणि वही माझ्याकडे फिरवली. मराठी हस्ताक्षर वाचायला मला वेळ लागतो, पण त्यांचं बारीक आणि स्वच्छ होतं. एप्रिलमधली नोंद. 'शीत सहन होत नाही. दंतमुळी खाचा. डावीकडे खाली, ओठाच्या आत श्वेत चट्टा, वस्त्राने पुसून जात नाही. मिश्री. तेल फक्त खाचांसाठी. नाशिकला भाचीस दाखवणे.'

"मी त्यांना म्हटलं होतं, हे माझ्या तेलाचं काम नाही, आधी भाचीला दाखवा," ते म्हणाले. "मेमध्ये आल्या, म्हणाल्या, दाखवलं, तिने दात भरून दिले. मी विचारलं, आतलं बघितलं का? म्हणाल्या, सगळं बघितलं. शिकलेल्या डॉक्टरने बघितलंय म्हटल्यावर मीही सोडून दिलं. दिवाळीच्या आधी पुन्हा तेल मागायला आल्या तेव्हा म्हटलं, मला तोंड दाखवा. त्या परत आल्याच नाहीत मग. मी त्यांच्या घरी जायला हवं होतं. गावात राहतो मी, पाच मिनिटांवर घर आहे."

माझी बाकीची वाक्यं तशीच राहिली. मी म्हणाले, "मला तो दिसला होता. मला वाटलं कापसाने साल निघाली."

त्यांनी कापसाचं काय ते विचारलं. मी समजावून सांगितलं. त्यांनी नीट समजून घेतलं, मधे एकदा गुंडाळी किती जाड असते तेही विचारलं. मग म्हणाले, "आमच्याकडे व्रणाचं असं शिकवतात, आधी शोधन, मग रोपण. आधी जागा स्वच्छ करायची, मग भरून आणायची. तुमच्यातही तेच असेल ना?"

"तेच आहे," मी म्हणाले. किडलेलं सगळं काढल्याशिवाय भरायचं नाही, हे मी स्वतः पेशंटना सांगत असते.

त्यांनी तेलाची बाटली दिली. जखमेत नको, ओठांना आणि उजव्या बाजूला लावा म्हणाले, आणि ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना विचारूनच. मी निघताना ते दारापर्यंत आले. "तुम्ही बघत जा," ते म्हणाले. "तुमच्याकडे दिवा चांगला असतो."

ऑपरेशन सकाळी सुरू झालं आणि दुपारी तीनला एक नर्स दारात येऊन नातेवाईक कोण म्हणून विचारू लागली. काढलेला भाग नातेवाइकाला दाखवायची तिथे पद्धत आहे. आत्याचा मुलगा रक्ताच्या बाटल्यांसाठी गेला होता. पप्पा उठले, दोन पावलं गेले आणि भिंतीला धरून उभे राहिले. मी गेले.

स्टीलच्या ट्रेमध्ये हिरव्या कापडावर जबड्याच्या डाव्या बाजूचा तुकडा होता, त्याला चिकटून गालाचं आणि ओठाचं मांस. नर्स म्हणाली, एवढं काढलं, पायाचं हाड लावून पुढचं काम चालू आहे. मी दात मोजले. सवयीने मोजले असतील. त्यांतले तीन मी भरलेले होते. रक्त पुसलं होतं त्यामुळे स्पष्ट दिसत होते. रंग चांगला जुळला होता.

"बघितलं ना मॅडम?" नर्सने विचारलं.

"हो," मी म्हणाले. तिने रजिस्टर पुढे केलं आणि मी सही केली.

मला आत काय दाखवलं ते पप्पांनी विचारलं नाही. बाकावर थोडे सरकले आणि मला जागा दिली.

त्यानंतर सहा आठवडे रेडिएशन. आत्या आमच्याकडेच राहिली. नाकातल्या नळीतून पातळ खिचडीचं पाणी, ताक, अंडं फेटलेलं दूध. तोंडाच्या आत सगळीकडे सालपटं निघाली. तिचा खालचा ओठ डाव्या बाजूला बधिर आहे; पाणी पिताना ओघळतं ते तिला कळत नाही, म्हणून ती सतत रुमालाने हनुवटी टिपत असते. बोलणं अर्धं कळतं. सुरुवातीला ती पाटीवर लिहायची. एकदा लिहिलं, 'सुनेला सांग, आता मी बोलत नाय, खुश हो.' सुनेने वाचलं आणि ती रडत आत निघून गेली. आत्याने पाटी पुसली.

मिश्री तिने सोडली. सोडली म्हणजे लावायला जागा राहिली नाही. एकदा तिने स्वतःहून मला सांगितलं, तुटक तुटक, की त्या दिवशी नदीत टाकलेली डबी रिकामीच होती. पूड तिने आधीच पिशवीत काढून ठेवली होती. "तुला दिसलं होतं का तवा?" तिने विचारलं. नव्हतं दिसलं. मग तिने विचारलं, "आन् खुर्चीत? वास आला होता ना तुला?" मी हो म्हणाले. "मला कळलं होतं तुला कळलंय ते," आत्या म्हणाली. "म्या म्हटलं, गुणाची हाय पोर. झाकलं."

रेडिएशन संपल्यावर लाळ जवळजवळ बंद झाली. जीभ टाळूला चिकटते. तिथल्या डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, सालपटं भरून आली की तेल लावायला हरकत नाही. तेव्हापासून दवाखान्यात जायच्या आधी मी रोज तिला वैद्यांचं तेल लावते. तळहातावर थोडं कोमट करायचं, हातमोज्याच्या बोटाला गॉझ गुंडाळायचं आणि पूर्ण तोंडातून फिरवायचं. वरचा ओठ, टाळू, जिभेच्या कडा, उजवा गाल, मग नवीन बाजू, जिथे पायाची कातडी आहे. तिथे तिला काही कळत नाही. मी रोज त्याच क्रमाने जाते म्हणजे काही सुटत नाही. तिचं तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडत नाही.

गेल्या गुरुवारी उजव्या बाजूला, खालच्या खोबणीत, बोटाला काहीतरी लागलं. मोहरीएवढं. मी गॉझ काढून नुसत्या मोज्याच्या बोटाने पुन्हा पाहिलं. कडक होतं आणि हलत नव्हतं. मोबाइलचा दिवा लावला. कड जरा पांढरी होती. गॉझने पुसलं. गेली नाही.

आत्या माझ्या तोंडाकडे बघत होती. मी मास्क लावलेला नव्हता.

"आत्या, इथे काहीतरी लागतंय," मी म्हणाले. "आजच दाखवायला जाऊ."

तिने डोळे मिटून घेतले. मग उघडून म्हणाली, "तेल पुरं कर आधी. बरं वाटतंय."

बाहेरच्या खोलीत पप्पा पेपर वाचत होते. तिने त्या दिशेला बघितलं आणि हाताने नको अशी खूण केली.

मी उरलेलं तेल लावलं. जिभेखाली, टाळूला, ओठांच्या कोपऱ्यांत. तिची हनुवटी पुसली. मोजे काढून टाकले, हात धुतले आणि बाहेर जाऊन पप्पांना सांगितलं.